आईच्या हाताचं लिम्फ नोड ट्रान्सफर: बसवलेल्या गाठींना रक्त पोचतंय हे ऑपरेशनमध्ये कसं बघतात?

दांडियाबाजारकर

नमस्कार सगळ्यांना. आईबद्दल विचारायचंय, पोस्ट मोठी होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय.

आई 61 वर्षांची. डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या लिम्फच्या गाठीही (लिम्फ म्हणजे शरीरातलं जादा पाणी, ते गाळणाऱ्या) काढल्या होत्या, नंतर केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही झालं, कॅन्सरच्या बाजूने आज सगळं व्यवस्थित आहे. पण डावा हात सुजत गेला. आधी संध्याकाळी सुजायचा आणि सकाळी उतरायचा, आता उतरतच नाही, ब्लाऊजची डावी बाही वेगळ्या मापाने शिवावी लागते, आणि कुठे साधं खरचटलं तरी हात लालबुंद होऊन थंडी वाजून ताप येतो की मग अँटिबायोटिकसाठी ॲडमिट. उत्तरायणात (संक्रांतीला) घरात पतंगाचा मांजा आला की मला धडकीच भरते. बँडेज, स्लीव्ह, मसाज सगळं ती मनापासून करते, फिजिओ म्हणतात आता याने एवढंच होणार.

आता डॉक्टरांनी लिम्फ नोड ट्रान्सफर सुचवलंय, म्हणजे जांघेतल्या काही लिम्फच्या गाठी त्यांच्या रक्तवाहिन्यांसकट काढून काखेत बसवायच्या, आणि त्याच वेळी हातात एकदोन ठिकाणी लिम्फची नळी शिरेला जोडायची. आम्ही दोन मतं घेतली. इथे बडोद्यात जे सर्जन आहेत ते म्हणाले मायक्रोस्कोप आहे, डॉपलर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) आहे, बसवलेल्या भागाला रक्त पोचतंय का ते मी डोळ्याने आणि हाताने बघतो, लिम्फच्या नळ्या शोधायला आयसीजीचा (कॅमेऱ्यात चमकणारं हिरवं औषध) कॅमेरा लागतो तो त्या दिवसापुरता भाड्याने मागवतो. मुंबईला भेटले ते म्हणाले की तेच हिरवं औषध शिरेतून देऊन स्क्रीनवर रक्तपुरवठा बघितल्याशिवाय मी बंदच करत नाही. बाबांचं म्हणणं घराजवळ करावं, महिनाभर येणं-जाणं होणार, मुंबईत राहायचं कुठे. भाऊ म्हणतो मशीन असेल तिथेच. दोघांचं पटत नाहीये आणि आई माझ्याकडे बघतेय.

तर हा कॅमेरा नसला तर धोका खरंच वाढतो का? रक्तपुरवठा बघतात म्हणजे नक्की काय बघतात, आणि किती वेळा? काखेच्या आत बसवलेली गाठ जगली की मेली हे बाहेरून कळतं तरी कसं? कुणाला खरंच माहिती असेल तर कृपया सांगा.


सूक्ष्मटाका

ताई, मी प्लास्टिक सर्जरीत आहे, शिक्षण बडोद्यातच झालं, आता सुरतेला असतो. आईंना मी तपासलेलं नाही त्यामुळे त्यांच्यासाठी काय योग्य ते इथून सांगणार नाही, पण तुम्ही जे विचारलंय ते नीट समजावतो.

सगळ्यात आधी, या ऑपरेशनमध्ये दोन वेगळे प्रवाह बघायचे असतात आणि बाहेर बोलताना ते एकमेकांत मिसळतात. एक लिम्फचा, एक रक्ताचा. हातात लिम्फची नळी शिरेला जोडतात त्याला एलव्हीए म्हणतात, त्या नळ्या साधारण 0.3 ते 0.8 मिलिमीटरच्या असतात, टाका 11-0 किंवा 12-0 चा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. जपानच्या कोशिमा यांनी हे तंत्र रुळवलं. तिथे बघायचं असतं ते लिम्फ शिरेत शिरतंय ना. क्लॅम्प (वाहिनी तात्पुरती बंद ठेवणारा चिमटा) काढला की मायक्रोस्कोपखाली शिरेतलं लाल रक्त पुढे ढकललं जाऊन मागून स्वच्छ लिम्फ येताना दिसतो, आणि शिरेतला दाब जास्त असला तर उलटं होतं, रक्तच लिम्फच्या नळीत घुसतं, मग दुसरी शीर शोधावी लागते.

गाठींचं प्रकरण वेगळं. जांघेतला तो चरबी आणि गाठींचा भाग, त्याला आम्ही फ्लॅप म्हणतो, तो एकदा मूळ जागेवरून सुटला की त्याचं सगळं आयुष्य एका आर्टरीवर (रक्त आणणारी) आणि एका व्हेनवर (रक्त परत नेणारी शीर). गाठी जगल्या तरच पुढे त्या लिम्फ ओढून घेणार. मेल्या तर काखेत आणखी एक चट्टा आणि जांघेत विनाकारण एक जखम. म्हणून तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे, बहुतेक लोक हा प्रश्न विचारतच नाहीत, सूज किती उतरेल एवढंच विचारतात.

रक्तपुरवठा एकदाच बघून होत नाही. फ्लॅप जांघेत आपल्या मूळ वाहिनीवर अजून जोडलेला असतानाच पहिल्यांदा बघायचं, कारण एखादा कोपरा तिथेच फिका असेल तर तो काखेत जाऊन सुधारणार नाही, तो कापून टाकायचा. मग काखेत आर्टरी आणि व्हेन जोडून क्लॅम्प सोडल्यावर. आणि मग एक वेळ अशी असते जी घाईत सुटते, कातडी शिवून झाल्यावर आणि हात खाली आणल्यावर. ऑपरेशनमध्ये हात बाजूला पसरून ठेवलेला असतो, त्या स्थितीत वाहिनी छान सरळ दिसते, हात शरीराजवळ आणला की तीच वाहिनी मुडपू शकते. शेक घेतलेली काख तर कडक असते, कातडी ताणून शिवली की खालच्या व्हेनवर दाब येतो. मी स्वतः हात खाली आणून परत तपासल्याशिवाय ड्रेसिंग करत नाही.

तपासायचं कसं, तर फ्लॅपबरोबर कातडीचा छोटा तुकडा ठेवला असेल तर त्याचा रंग, ऊब, बोटाने दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो ते, आणि सुईने टोचून येणारं रक्त. टोचल्यावर एकदोन सेकंदात लाल थेंब आला म्हणजे उत्तम. रक्त आलंच नाही, तुकडा फिका आणि गार, तर आर्टरीत अडचण. दाबल्यावर रंग झटकन परत येतो, तुकडा निळसर, फुगलेला, रक्त काळपट आणि भराभर, तर व्हेन बंद. हे दुसरं जास्त वेळा होतं आणि सुरुवातीला फसवतं, नळाला पाणी जोरात येतंय म्हणून आपण निवांत असतो आणि मोरी तुंबलेली असते. त्यामुळे डॉपलरवर नुसता आर्टरीचा ठोका ऐकून समाधान मानायचं नाही, व्हेनचा सलग घोंगावणारा आवाज पण ऐकायचा.

आता कॅमेरा. आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन. शिरेतून दिलं की ते रक्तातल्या प्रोटीनला चिकटून रक्ताबरोबरच फिरतं, अर्ध्याएक मिनिटात फ्लॅप स्क्रीनवर उजळायला लागतो, जिथे रक्त पोचत नाही तो भाग काळा राहतो. लिव्हर ते पटकन काढून टाकतं, रक्तातलं प्रमाण दर तीनचार मिनिटांत निम्मं होतं, म्हणून पंधरावीस मिनिटांनी परत देऊन परत बघता येतं. फायदा खरा आहे. विशेषतः ज्या फ्लॅपवर कातडी नाही, नुसती चरबी आणि गाठी आहेत, तिथे रंग आणि दाबून बघणं याला अर्थच नसतो, तिथे हे चित्र खूप सांगतं.

तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बडोद्याचे डॉक्टर लिम्फच्या नळ्या बघायला कॅमेरा मागवणारच आहेत ना? मग औषध तेच, कॅमेरा बहुतेक तोच, रक्तपुरवठा पण त्यावर बघता येतो. फक्त भूलतज्ज्ञांनी शिरेतून एक डोस द्यायचा. त्यांना सरळ विचारा की सर, कॅमेरा येतोच आहे तर फ्लॅपचा रक्तपुरवठाही त्यावर बघाल का.


लेन्सवाला

सूक्ष्मटाका यांनी छान लिहिलंय, थोडी भर इंजिनियरच्या बाजूने. मी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून शिकलो, आता वैद्यकीय कॅमेऱ्यांच्या ऑप्टिक्सवर काम करतो.

आयसीजी हे मुळात 1955 च्या सुमारास कोडॅकच्या लॅबमध्ये फोटोग्राफीसाठी काम चालू असताना तयार झालं, आणि 1959 पासून अमेरिकेत माणसांमध्ये वापरायला परवानगी आहे, आधी हृदय आणि लिव्हरच्या तपासण्या, मग डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या. म्हणजे औषध अजिबात नवीन नाही, नवीन आहेत ते कॅमेरे. रक्तात ते साधारण 800 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि 830 च्या आसपास परत सोडतं. हा प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही पण शरीराच्या आत जायला सोयीचा, कारण तिथे हिमोग्लोबिन कमी शोषतं आणि पाणीही कमी शोषतं. मेलॅनिनही (कातडीला रंग देणारं द्रव्य) या पट्ट्यात कमी आड येतं, हा आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांसाठी मोठा मुद्दा आहे. दाबून रंग बघायची पद्धत गोऱ्या कातडीवर जेवढी सोपी तेवढी आपल्यावर नाही.

पण खोली जास्त नाही मिळत, सेंटिमीटरभर धरा. काखेत शिवून टाकल्यावर वरून कॅमेरा धरला आणि काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ गाठ मेली असा नाही, आणि वरची कातडी छान उजळली तरी त्यावरून खालच्या गाठींचं काहीच कळत नाही. म्हणजे बंद करायच्या आधी बघितलं तरच उपयोग.

औषध न देता बघायचे मार्गही आहेत. लेझर स्पेकलमध्ये नुसता लेझर टाकून हलणाऱ्या रक्तपेशींमुळे चित्रात होणारा बदल मोजतात, कितीही वेळा बघता येतं, पण पृष्ठभागापुरतंच, आणि श्वासाने शरीर हललं तरी आकडा बिघडतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा कुठल्या भागात ऑक्सिजन किती याचा नकाशा देतो. थर्मल कॅमेरा आता फोनला लावायचे मिळतात, पण ते उष्णता बघतात, प्रत्यक्ष रक्त नाही.

माझं मत विचाराल तर भावाचं बरोबर आहे. नुसतं डोळ्याने बरं दिसतंय यापेक्षा स्क्रीनवर आकडा असलेला चांगला. फ्लॅपच्या शेजारच्या चांगल्या कातडीच्या तुलनेत किती टक्के उजळलं हे सॉफ्टवेअर सांगतं, तो आकडा फाईलमध्ये लिहून घ्या म्हणावं.


सूक्ष्मटाका

लेन्सवाला दादा, भौतिकशास्त्र तुमचं पक्कं आहे, पण आकड्याच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही.

किती टक्क्यांच्या खाली भाग मरेल आणि किती टक्क्यांच्या वर जगेल याची सगळ्यांनी मान्य केलेली एक रेषा नाही. कॅमेरा किती लांब धरला, कोनातून धरला का, थिएटरचे दिवे चालू होते का, डोस किती दिला, त्या क्षणी पेशंटचं बीपी किती होतं, सगळ्याने आकडा बदलतो. नुकती जोडलेली आर्टरी तर बऱ्याचदा आकसलेली असते, त्या वेळी चित्र काळं येतं, वर कोमट सलाईन आणि पापाव्हेरिन (आकसलेली वाहिनी सैल करणारं औषध) टाकून थोडं थांबलं की तोच भाग उजळतो. त्या पहिल्या चित्रावर विश्वास ठेवून चांगल्या गाठी कापून टाकल्या तर नुकसान आपलंच. आणि उलट बाजू अशी की व्हेन बंद असली तरी सुरुवातीचं चित्र सुंदर येतं, कारण रक्त आत तर येतंय. म्हणून नुसतं किती उजळलं हे बघून थांबायचं नाही, पुढची काही मिनिटं स्क्रीनवर नजर ठेवून ते परत विझायला लागलं का, व्हेनमधून औषध बाहेर पडताना दिसतंय का, तेही बघायचं. तैवानच्या चांग गुंग हॉस्पिटलच्या चेंग यांनी दाखवलंय की गाठींच्या फ्लॅपच्या कडेला आयसीजी टोचलं तर ते गाठीतून होऊन त्याच फ्लॅपच्या व्हेनमध्ये उतरतं. हे दिसलं की रक्त आणि लिम्फ दोन्हींची वाट मोकळी आहे असं एकाच चित्रात कळतं, आणि मला ते टक्क्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

क्रमाबद्दल एक, हे ताईंनी लक्षात ठेवा. लिम्फ बघायला तेच औषध कातडीत टोचतात. रक्तातून ते लगेच निघून जातं पण कातडीत टोचलेलं बराच काळ चमकत राहतं. आता जांघेतल्या कुठल्या गाठी घ्यायच्या हे ठरवायला कुणी पोटाच्या खालच्या कातडीत आयसीजी टोचलं तर त्या गाठी आधीच चमकत असतात, मग शिरेतून डोस दिल्यावर जे चमकतंय ते रक्त की आधीचं लिम्फ, काय सांगणार? कॅमेरा असूनही आंधळं. म्हणून एकतर जांघेसाठी निळा रंग किंवा किरणोत्सारी टेक्निशियम वापरायचं, नाहीतर शिरेतला डोस द्यायच्या आधीचं चित्र घेऊन ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं. जो सर्जन हा क्रम तुम्हाला न अडखळता सांगतो त्याने कॅमेरा खरोखर वापरलेला आहे.

जांघेबद्दल विचारून घ्या की पायाचा लिम्फ वाहणाऱ्या गाठी कशा ओळखणार. पायाच्या बोटांच्या बेचक्यात औषध टोचून ज्या गाठी दाखवतील त्या सोडायच्या आणि वरच्या बाहेरच्या बाजूच्या घ्यायच्या असं करतात, त्याला रिव्हर्स मॅपिंग म्हणतात. हात बरा करताना पाय सुजायला नको.


भूलतज्ज्ञ_अकोटा

सगळी चर्चा सर्जन आणि कॅमेऱ्याची चाललीय म्हणून लिहिते. फ्लॅपला रक्त पोचणं अर्धं आमच्या हातात असतं.

पेशंट गार पडला की हातापायाच्या वाहिन्या आकसतात, फ्लॅपच्याही. हे ऑपरेशन बरेच तास चालतं आणि थिएटरचा एसी सर्जनच्या सोयीने असतो, मी मायक्रोच्या केसला आधीपासूनच गरम हवेचं ब्लँकेट लावते, सलाईन कोमट करून देते आणि शरीराचं तापमान 36 च्या खाली जाऊ देत नाही. बीपी पडू द्यायचं नाही, पण सलाईन ओतून फुगवायचंही नाही, फ्लॅप सुजला की परत व्हेनवर दाब. वाहिन्या आकसवणारी बीपीची औषधं पूर्वी फ्लॅपच्या केसमध्ये वर्ज्यच मानायचे, आता गरज पडल्यास मोजून देतात, बीपी पडलेलं राहणं जास्त वाईट. वेदना नीट थांबवणं पण यातच येतं, दुखलं की शरीर वाहिन्या आवळतं.

आयसीजीबद्दल: बहुतेक तयार औषधांत सोडियम आयोडाईड असतं, म्हणून आईंना आयोडीनची किंवा सीटी स्कॅनच्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर आधीच सांगा, लिव्हरचा आजार असेल तर तेही. ॲलर्जी क्वचित होते पण होते, म्हणून तयारी ठेवूनच देतो. आणि दिल्यावर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खोटा खाली जातो, ऑक्सिजन खरंच कमी झालेला नसतो, रंगामुळे मशीन फसतं. डोस देताना सर्जनने मला आधी सांगावं एवढीच अपेक्षा असते. चांगल्या टीममध्ये हे बोलणं चालू असतं, कॅमेरा कुणाचा भाड्याचा की मालकीचा याने तेवढा फरक पडत नाही.

आणि डाव्या हाताला बीपीचा पट्टा आणि सुई नाही, हे फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, वॉर्डात सांगा, परत थिएटरच्या दारात सांगा. सिस्टर बदलतात.


मांजलपूरची_काकू

मुली, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. माझंही अगदी असंच, काखेत गाठी बसवल्या आणि मनगटाजवळ एक नळी जोडली. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही.

तुझ्या आईला रात्रीबद्दल सांग. ऑपरेशन दिवसा होतं, सगळे मोठे डॉक्टर तिथे असतात, कॅमेरे असतात, पण पहिली रात्र आणि दुसरी रात्र खरी परीक्षा. माझ्या काखेजवळ कातडीचा छोटा चकतीएवढा तुकडा ठेवला होता, त्यावर पेनाने एक खूण केलेली, सिस्टर दर तासाला येऊन टॉर्चने रंग बघायची, बोटाने दाबायची, त्या खुणेवर डॉपलर धरून आवाज ऐकायची आणि कागदावर लिहायची. पहाटे तिला तो तुकडा निळसर वाटला. ती गुजराती मुलगी, वयाने लहान, पण तिने वाट बघितली नाही, कुणाला झोपेतून उठवायचं कसं असा विचारही केला नाही, लगेच फोन केला. रेसिडेंट डॉक्टर आले, ड्रेसिंग सैल केलं, एक टाका काढला, खाली साचलेलं रक्त बाहेर आलं आणि रंग परत गुलाबी झाला. परत थिएटरला न्यावं लागलं नाही. ती मुलगी नसती तर सकाळच्या राउंडपर्यंत काय झालं असतं देव जाणे. मी आजही तिला आशीर्वाद देते.

म्हणून तू दोन्ही ठिकाणी हेच विचार की रात्री दोन वाजता कोण बघणार, आणि बिघडलं असं वाटलं तर थिएटर किती वेळात उघडणार. मशीन काय असेल ते असो.

सूज लगेच उतरत नाही हेही सांग आईला, नाहीतर नाराज होईल. मला फरक जाणवायला बरेच महिने गेले, स्लीव्ह अजून घालते, नवरात्रात स्लीव्ह घालूनच गरब्याला जाते. पण हात लाल होऊन ताप येणं खूप कमी झालं, माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं सुख.


दांडियाबाजारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती खूप वेळ बोलत होती त्यावर.

काल बडोद्याच्या डॉक्टरांना परत भेटलो, यादी करून घेऊन गेले होते. शिरेतून डोस देऊन फ्लॅप बघायला ते तयार आहेत, उलट म्हणाले की कॅमेरा येणारच असेल तर मी तसंच करतो, तुम्ही विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. क्रमाचं विचारलं तर म्हणाले जांघेत मी आयसीजी टोचत नाही, तिथे निळा रंग वापरतो, आयसीजी फक्त हाताच्या बोटांच्या बेचक्यात आणि मग शिरेतून. पायाच्या गाठींबद्दल टेक्निशियमचं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आदल्या दिवशी करून आणायचं म्हणाले. हे ऐकून भाऊ बराच शांत झाला.

पण एक राहिलं. ते म्हणाले कातडीचा तुकडा ठेवायचा की नाही ते मी आत बघून ठरवीन, काखेत जागा कमी असेल तर पूर्ण आत पुरून टाकीन. मग काकूंच्या सिस्टरने जे बघितलं ते बघणार कसं? आणि मुंबईचे डॉक्टर तर मनगटावर बसवू म्हणाले होते, काखेत नाही, याने काही फरक पडतो का?


सूक्ष्मटाका

ताई, आत पुरलेला फ्लॅप बघणं अवघड असतं हे खरंच आहे. तीन मार्ग आहेत. एक, काहीही करून कातडीचा छोटा तुकडा बाहेर ठेवायचा, नंतर नको वाटला तर लोकल भूल देऊन काढून टाकता येतो, मी स्वतः हेच पसंत करतो आणि तुम्ही तसा आग्रह धरायला हरकत नाही. दोन, व्हेनभोवती बारीक डॉपलरचा पट्टा बसवून वायर बाहेर काढतात, सलग आवाज ऐकू येतो, काही दिवसांनी वायर हलकेच ओढून काढतात. चांगली सोय आहे, पण कधी वायर सरकली की आवाज बंद होतो आणि फ्लॅप ठणठणीत असताना सगळ्यांची धावपळ होते. तीन, बाहेरून हाताचा डॉपलर, कातडीवर टाक्याने खूण करून. यात धोका हा की काखेत शेजारीच मोठी आर्टरी आहे, तिचाच ठोका ऐकून सिस्टरला वाटतं सगळं ठीक. पूर्ण पुरणार असतील आणि फक्त हा तिसरा मार्ग असेल तर त्यावर मी समाधानी राहणार नाही.

मनगटाचं म्हणाल तर दोन्ही करतात. मनगटावर फ्लॅप डोळ्यासमोर असतो, बघायला सोपा, वाहिन्या शेक न घेतलेल्या, आणि हात खाली ठेवला की लिम्फ तिथेच साचतो म्हणून काही सर्जनना ती जागा आवडते. तोटा म्हणजे मनगटावर उंचवटा दिसतो, आणि पुष्कळ बायकांना ते नको असतं. काखेत बसवायचा फायदा असा की तिथला कडक चट्टा सोडवता येतो, खांदा उचलायला बरं पडतं. आईंचा खांदा किती वर जातो? काखेतलं कातडं दगडासारखं झालं असेल तर काखेच्या बाजूने बोलायला जास्त कारणं आहेत. आईंना आरशासमोर उभं करून विचारा त्यांना काय चालेल, हात त्यांचा आहे.

फ्री फ्लॅप, म्हणजे असे पूर्ण सोडवून दुसरीकडे जोडलेले फ्लॅप, चांगल्या हातात 95 टक्क्यांहून जास्त वेळा जगतात, आणि जे बिघडतात ते बहुतेक पहिल्या दोनतीन दिवसांत. लवकर कळलं आणि लगेच परत उघडलं तर त्यातलेही पुष्कळ वाचतात, तासन्तास गेले तर नाही. त्यामुळे काकूंचा प्रश्न माझ्या सगळ्या लांबलचक लिहिण्यापेक्षा वर ठेवा. रात्री कोण बघणार, किती किती वेळाने, त्याला निळं आणि फिकं यातला फरक कुणी दाखवलाय का, आणि फोन केल्यावर सर्जन किती लांब राहतात. बडोद्यातल्या बडोद्यात सर्जन पंधरा मिनिटांवर असतील तर ही जमेची बाजू आहे. मुंबईला विचाराल तेव्हा ज्यांनी ऑपरेशन केलं तेच रात्री येतात की दुसरी टीम, हेही विचारा.


लेन्सवाला

सूक्ष्मटाका, व्हेनचा मुद्दा मान्य. विझण्याचा वेग मोजायला हवा, नुसतं उजळणं नाही, हे मी माझ्या कामातही घेणार आहे. ताई, एक छोटी गोष्ट, कॅमेरा भाड्याने येतो तेव्हा बऱ्याचदा कंपनीचा माणूसच चालवतो. डॉक्टरांना सांगा की रेकॉर्डिंग पूर्ण ठेवायला सांगा, औषध द्यायच्या आधीपासून पुढची पाचसहा मिनिटं सलग, आणि त्याची कॉपी फाईलबरोबर घ्या. परत उघडायची वेळ आली तर आधी कसं दिसत होतं याच्याशी तुलना करता येते.


दांडियाबाजारकर

आईचा खांदा डोक्यापर्यंत जात नाही, वेणी मीच घालून देते. काखेत हात लावला तरी कडक लागतं. म्हणजे काखच. कातडीचा तुकडा बाहेर ठेवा हे मी लिहूनच देणार आहे त्यांना, आणि रात्रीच्या सिस्टरांशी आधी जाऊन बोलता येईल का ते विचारते. तारीख दिवाळीनंतरची घेतोय, म्हणजे उत्तरायणापर्यंत जखम भरलेली असेल. सूक्ष्मटाका, आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, त्याने वाहिन्यांवर काही फरक पडतो का?


सूक्ष्मटाका

पडतो, पण ऑपरेशन टाळण्याइतका सहसा नाही. जखम उशिरा भरते आणि इन्फेक्शनची भीती वाढते, म्हणून एचबीएवनसी (मागच्या काही महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) आत्ताच करून घ्या, दिवाळीपर्यंत सुधारायला वेळ मिळेल. आणि दिवाळीत फराळावर लक्ष ठेवा. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा आई मिश्री लावत असतील तर ती आजपासून बंद, तंबाखू ओढलेला असो की हिरड्यांना चोळलेला, निकोटीनने वाहिन्या आकसतात आणि इतक्या बारीक जोडणीला ते परवडत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा आयुर्वेदिक काढे काही चालू असतील तर भूलतज्ज्ञांना पाकिटासकट दाखवा. बँडेज ऑपरेशनपर्यंत अजिबात सोडू नका, हात जेवढा मऊ आणि कमी सुजलेला असताना थिएटरमध्ये जाईल तेवढं चांगलं. ऑपरेशननंतर मात्र फ्लॅपवर दाब येईल असं काहीही बांधायचं नाही, बँडेज परत कधी आणि कुठपर्यंत बांधायचं हे सर्जन सांगतील तेव्हाच, फिजिओंना परस्पर सुरू करू देऊ नका.